खरं ठरलं म्हणून खरा?

अमेरिकेत २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी स्वतःला संदेष्टे म्हणवणाऱ्या अनेक ख्रिस्ती वक्त्यांनी परमेश्वराच्या नावाने सांगितलं होतं की डोनाल्ड ट्रम्प सलग दुसऱ्यांदा अध्यक्ष होणार. २० जानेवारी २०२१ रोजी शपथ घेतली ती जो बायडन यांनी. तेव्हा पेटलेला वाद नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा जिंकल्यावर विझला नाही, उलट भडकला. एक बाजू म्हणते, बघा, वाणी चुकली नव्हती, नुसती लांबली होती. दुसरी बाजू फसलेल्या भविष्यवाण्यांची यादी काढून बसते. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही उपासनेनंतर चहाचे कप हातात घेऊन हाच हिशेब चालतो, फक्त माणसं वेगळी: अमक्या ब्रदरनी सांगितलेलं झालं, तमक्या पास्टरचं फसलं. दोन्हीकडच्यांनी पवित्र शास्त्रातली एकच कसोटी उचलली आहे, आणि तीही अर्धी वाचून.

माझं म्हणणं आधीच सांगतो. 'सांगितलेलं घडलं का?' ही कसोटी एकाच बाजूने चालते. वाणी फसली तर बोलणारा दोषी ठरतो. वाणी खरी झाली म्हणून मात्र तो खरा ठरत नाही. आणि ही पारख शास्त्राने दिली ती बोलणाऱ्याला धडा शिकवण्यासाठी नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या मनातली भीती काढण्यासाठी. हे दुसरं विसरल्यामुळेच आपला सगळा वाद भरकटला आहे.

बायबलमधल्या 'अनुवाद' या ग्रंथाच्या १८ व्या अध्यायाच्या शेवटी लोकांच्या मनातला प्रश्न येतो: हे वचन परमेश्वराचं नाही, हे आम्ही ओळखायचं कसं? उत्तर सरळ आहे. त्याच्या नावाने बोललेलं घडलं नाही, तर ते त्याचं वचन नव्हतं. तो माणूस उन्मत्तपणे बोलला. त्याची भीती बाळगू नका. वाद घालणारे पहिल्या वाक्यावरच थांबतात. त्याआधी दोन वचनं मृत्युदंडाचं विधान आहे हे खरं, पण ती प्राचीन इस्राएल राष्ट्राची दंडव्यवस्था होती, मंडळीच्या हाती ती कधीच दिली गेली नाही. आपल्या हाती उरतं ते शेवटचं वाक्य. आणि ते सांगतं कुणाला? दरबाराला नाही, याजकांनाही नाही. घरी जाऊन रात्रभर तळमळणाऱ्या साध्या माणसाला.

त्याच ग्रंथात पाच अध्याय आधी, १३ व्या अध्यायात, याहून अवघड गोष्ट आहे. एखादा संदेष्टा चिन्ह सांगेल, ते चिन्ह घडेलही, आणि मग तो म्हणेल, चला, दुसऱ्या देवांमागे जाऊ. त्याचं ऐकू नका, कारण परमेश्वर तुमची परीक्षा पाहत आहे. म्हणजे चिन्ह खरं होणं ही शास्त्राच्या दृष्टीने निकालाची जागा नाहीच, ती धोक्याची जागा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात येशू तेच म्हणतो. शेवटच्या दिवशी पुष्कळ जण येतील, तुझ्या नावाने आम्ही संदेश दिला, भुतं काढली, महत्कृत्यं केली असं सांगतील, आणि उत्तर मिळेल की मी तुम्हाला कधी ओळखलंच नाही. त्या माणसांची महत्कृत्यं खोटी होती असं येशू कुठेही म्हणत नाही. झाडाची ओळख त्याने फळावरून करायला सांगितली, आणि फळ म्हणजे माणसाची वागणूक: पैशाशी, बायकांशी, दुबळ्यांशी, स्वतःच्या चुकीशी. मग 'त्यांचं खरं झालं ना?' हा प्रश्न विचारून आपण नेमकं काय सिद्ध करू पाहतो?

विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं असं की हे मागाहूनचं शहाणपण आहे; ऐकण्याच्या क्षणी खरं आणि खोटं सारखंच दिसतं. हे मी पूर्ण मान्य करतो, कारण शास्त्रच ते मान्य करतं. यिर्मयाचा २८ वा अध्याय वाचा. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेममधून राजा यकन्याला आणि मंदिरातली पात्रं बाबेलला नेली होती. त्यानंतर तीन-चार वर्षांनी हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर उभा राहतो आणि सांगतो: परमेश्वर असं म्हणतो, दोन वर्षांच्या आत पात्रं परत येतील, यकन्या परत येईल, सगळे बंदिवान परत येतील. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू आहे, बाबेलची गुलामी पत्करा असं सांगणारं. तो काय म्हणतो? आमेन. परमेश्वर असंच करो. त्यालाही ते हवं होतं! हनन्या त्याच्या मानेवरचं जू काढून सगळ्यांदेखत मोडतो, आणि यिर्मया काही न बोलता निघून जातो. त्या अंगणात उभ्या असलेल्या, ज्याचा मुलगा बाबेलला नेला आहे अशा बापाने कुणावर विश्वास ठेवायचा? दोघंही संदेष्टे. दोघांच्याही तोंडी 'परमेश्वर असं म्हणतो'.

पण जाण्यापूर्वी यिर्मयाने एक गोष्ट सांगून ठेवली होती, आणि ती अशा क्षणासाठीच आहे. पूर्वीपासूनचे संदेष्टे युद्ध, अरिष्ट, मरी यांच्याबद्दल बोलत आले. जो शांतीचं बोलतो, त्याचं बोलणं घडेल तेव्हाच त्याला परमेश्वराने पाठवलं हे कळेल. म्हणजे पुराव्याचं ओझं गोड बोलणाऱ्यावर आहे. का? कारण गोड बोलण्याला गिऱ्हाईक आधीपासूनच तयार असतं. कडू सांगणाऱ्याला तुरुंग मिळतो, चिखलाची विहीर मिळते. यिर्मयाला दोन्ही मिळालं. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला, आणि काही वर्षांत, इ.स.पू. ५८६ च्या सुमारास, मंदिरच जळालं. ज्याने त्या दिवशी हनन्याला नाकारलं नाही, पण त्याच्या शब्दावर घरदारही लावलं नाही, तो माणूस अविश्वासू नव्हता. त्याने शास्त्राने सांगितलं तेवढंच केलं: थांबला.

आता बायबलमधल्या १ राजे या ग्रंथाचा २२ वा अध्याय आणि २०२० शेजारी ठेवून पाहा. अहाब राजाला रामोथ-गिलादवर स्वारी करायची आहे. सुमारे चारशे संदेष्टे एका सुरात सांगतात, जा, विजय तुझाच. त्यांच्यातला एक लोखंडी शिंगं करून नाचवतो. या चारशेंहून वेगळं बोलणाऱ्या मीखाया संदेष्ट्याला बोलवायला गेलेला जासूद त्याला वाटेत समजावतो की सगळे अनुकूल बोलताहेत, तूही तसंच बोल. चारशे तोंडं एकच बोलतात तेव्हा तो देवाचा आवाज असतो की दरबाराचा, हा प्रश्न त्या अध्यायाने हजारो वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे. अमेरिकेतल्या त्या भविष्यवाण्यांचं बळ हेच होतं की त्या पुष्कळ होत्या. इतक्या जणांना एकच दिसलं, मग ते खरं असणारच! पण ते सगळे एकमेकांच्या व्यासपीठांवर बसणारे, एकाच श्रोत्यांसमोर बोलणारे, त्याच श्रोत्यांच्या इच्छेवर उभे असलेले लोक होते. मीखायाने मात्र तिथे एक गोष्ट केली जी चारशेंपैकी कुणी केली नाही. तो अहाबाला म्हणाला, तू सुखरूप परत आलास तर परमेश्वर माझ्याद्वारे बोललाच नाही. आणि मग वळून, लोकहो, तुम्ही सगळे ऐकून ठेवा. त्याने स्वतःची कसोटी स्वतः जाहीर केली, आधी, सर्वांसमोर. ज्याला आपल्या शब्दाची खात्री आहे तो साक्षीदार गोळा करतो.

न्यायाने हेही सांगायला हवं की तिथल्या सगळ्यांनी तोंड लपवलं नाही. ट्रम्प जिंकणार असं सांगणाऱ्यांपैकी जेरेमाया जॉन्सन यांनी जानेवारी २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. त्यानंतर त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि शिवीगाळीच्या ईमेलचा भडिमार झाला, तोही ख्रिस्ती लोकांकडून. चूक कबूल करणाऱ्याला धमकी! मग रोग फक्त संदेष्ट्यांमध्ये आहे असं कसं म्हणायचं? हनन्या मंदिरात उभा राहतो कारण त्याला ऐकायला अंगण भरलेलं असतं. २०२१ च्याच एप्रिलमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ मॅटेरा यांच्या पुढाकाराने करिश्मॅटिक, म्हणजे आत्म्याची दानं आजही मिळतात असं मानणाऱ्या, पुढाऱ्यांनी एक निवेदन काढलं: तपशील आणि तारीख देऊन, कुठलीही अट न घालता केलेली वाणी फसली तर बोलणाऱ्याने पूर्ण जबाबदारी घ्यावी. त्याच निवेदनात असंही म्हटलं आहे की प्रामाणिकपणे चुकीचा संदेश देणारा प्रत्येक जण खोटा संदेष्टा ठरत नाही. पुष्कळांना ही पळवाट वाटली. मला नाही वाटत. २ शमुवेल ७ मध्ये दावीद राजा मंदिर बांधायचं मनात आणतो, आणि संदेष्टा नाथान म्हणतो, कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री परमेश्वर नाथानाला थांबवतो. नाथान परत जातो आणि राजाला सांगतो की नाही, तू बांधायचं नाहीस. चुकला, आणि राजासमोर जाऊन दुरुस्त केलं. खोट्या आणि चुकलेल्या संदेष्ट्यातलं अंतर मला इथे दिसतं.

आता योना. आधुनिक संदेष्ट्यांच्या बाजूचं हे सगळ्यात लाडकं उदाहरण, आणि ते पोकळ नाही. चाळीस दिवसांत निनवे उलथेल, असं योनाने सांगितलं. त्यात अट नव्हती. निनवे उलथलं नाही. तरी योना खरा. यिर्मया १८ मध्ये तर परमेश्वर स्वतः म्हणतो की राष्ट्र वळलं तर मी अरिष्ट मागे घेईन, आणि बिघडलं तर सांगितलेलं हितही मागे घेईन. म्हणजे वाणी सशर्त असू शकते, हे मान्य. पण निनवेत काय झालं ते विसरू नका. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, गुराढोरांनासुद्धा गोणपाट नेसवलं. कारण सगळ्या शहराला दिसलं. आज कारण मागाहून शोधलं जातं, आणि ते नेहमी ऐकणाऱ्याच्याच पदरात सापडतं. हबक्कूकाचं वचनही असंच वापरतात: दृष्टांताला विलंब लागला तरी वाट पाहा. खरं आहे, पण त्याच्या लगेच आधीचं वचन काय सांगतं? दृष्टांत पाट्यांवर स्पष्ट लिहून काढ. लिहिलेल्या शब्दालाच विलंब लागू शकतो. 'सलग दुसऱ्यांदा' असं सांगितलेलं चार वर्षांच्या खंडानंतर झालं, तर तो विलंब नव्हे, ते वेगळंच वाक्य आहे.

माझी एक मावशी नगरकडे राहते. तिच्याकडे एक शंभरपानी वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची, वरचं शाळेचं नाव पेनाने गिरवून खोडलेलं. घरी प्रार्थनेला आलेल्या प्रत्येक पाहुण्या सेवकाने काय सांगितलं ते ती तारखेनिशी तीत लिहिते. तिच्या मुलाचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. एका ऑगस्टमध्ये एका पाहुण्या वक्त्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, प्रभू म्हणतो, या नाताळाच्या आत मशीन सुटेल. मावशीने लिहून ठेवलं. नाताळ गेला, ईस्टर गेला. पुढच्या वर्षी तोच वक्ता उपवास प्रार्थनेला आला तेव्हा तिने वही आणून ते पान वाचलं आणि म्हणाली, "ब्रदर, मी भांडत नाही. तारीख विचारते." खोलीत कुणी हललं नाही. तो म्हणाला, घरात कुणाचा तरी विश्वास डळमळला असेल. पहाटे चारला उठून मुलाला एसटीने दवाखान्यात नेणाऱ्या बाईला! शेजारच्या बाईने तिचा पदर ओढला: "देवाच्या दासाला असं विचारू नये, शाप लागतो." मी तिथे होतो आणि मीही गप्प बसलो. त्याची भीती बाळगू नका, हे वचन मला पाठ होतं.

'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे स्तोत्र १०५ मधलं वचन अशा वेळी ढालीसारखं पुढे येतं. ते वचन राजांना उद्देशून आहे. अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या देशात भटकत असताना त्यांना छळू नका, असं तिथल्या सत्ताधाऱ्यांना सांगितलेलं. घर नसलेल्यांना वाचवणारं वचन आज व्यासपीठावरच्या माणसाला प्रश्नांपासून वाचवायला वापरतात. दाविदाने अभिषिक्त शौल राजावर हात टाकला नाही, हे खरं. पण त्याच्या झग्याचा कापलेला काठ त्याने त्याला हाक मारून दाखवला आणि विचारलं, तू कुणाचा पाठलाग करतोस? हात न लावणं म्हणजे न विचारणं नव्हे.

आणि विचारलं नाही तर काय होतं, ते जर्मनीतल्या म्युन्स्टर शहराने पाहिलं. तेव्हा शहराचा ताबा घेतलेल्या अॅनाबॅप्टिस्ट पंथाचा पुढारी, हार्लेमचा बेकर यान मॅथिस याने १५३४ च्या ईस्टरला प्रभूचा न्याय प्रकट होणार असं सांगितलं होतं. त्याच्या राज्यात त्याच्यावर उघड टीका करणाऱ्या एका लोहाराला ठार मारण्यात आलं. ईस्टरच्या दिवशी, ५ एप्रिलला, मॅथिस मूठभर माणसं घेऊन वेढा घातलेल्या बिशपच्या सैन्यावर चालून गेला आणि मारला गेला. अनुवाद १८ चा निकाल याहून स्पष्ट कसा लागणार? तारीख दिली होती, तारीख आली, संदेष्टा मेला. तरी बहुतेक लोक उठले नाहीत. त्याच्या जागी लायडनचा शिंपी यान आला, त्याने बहुपत्नीत्व लादलं, स्वतःला राजा म्हणवलं, आणि शहर उपासमारीत जून १५३५ मध्ये पडेपर्यंत लोक त्याच्या हाताखाली राहिले. त्याचं आणि त्याच्या दोन साथीदारांचं प्रेत ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगलं, ते सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्यावर आजही आहेत. म्युन्स्टरच्या लोकांना कसोटी माहीत नव्हती का? ते तर दिवसरात्र शास्त्र वाचणारे लोक होते. लोहार मेल्यानंतर ती वापरण्याची हिंमत फार थोड्यांत उरली होती.

सगळे शेवट इतके भयंकर नसतात. अमेरिकेतले रेडिओ-प्रचारक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही न्यायाची तारीख जाहीर केली, रस्त्यांवर फलक लावले. दिवस गेल्यावर म्हणाले, न्याय झाला, पण आध्यात्मिक, आता २१ ऑक्टोबरची वाट पाहा. तोही दिवस गेला. मार्च २०१२ मध्ये त्यांनी आपलं ते बोलणं पाप होतं असं कबूल केलं. त्यांना मी हसत नाही. नव्वदीतला माणूस आपली चूक जाहीरपणे मान्य करतो ही लहान गोष्ट नाही. पण त्यांच्या शब्दावर ज्यांनी साठवलेले पैसे फलकांवर घातले, त्यांचं काय?

राहिला नव्या कराराचा मुद्दा. पौल म्हणतो, आपण अंशतः संदेश देतो. आत्मा विझवू नका, संदेश तुच्छ मानू नका. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रात्र-रात्र चाललेल्या प्रार्थना आणि रडणं हा आपल्याच मातीतला इतिहास आहे. पण ज्या पंडिता रमाबाईंच्या अंगणात ते घडलं, त्या पुढची कित्येक वर्षं हिब्रू आणि ग्रीक मुळावरून मराठी बायबल करत बसल्या होत्या, १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत. आग आणि अक्षर यांत त्यांना विरोध दिसला नाही. पौलालाही दिसत नव्हता: संदेश तुच्छ मानू नका याच्या पुढचाच शब्द आहे, सगळ्याची पारख करा. आणि करिंथकरांना तो सांगतो की दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी निर्णय करावा. इतरांनी, म्हणजे बसलेल्यांनी. जो वक्ता सभा संपताच गाडीत बसून पुढच्या गावी जातो, आणि ज्याच्या संदेशाची पारख करायला मंडळी कधी बसतच नाही, त्याच्याबाबतीत ही आज्ञा पाळली जाते का? संदेश अंशतः असतो हे मान्य असेल, तर मग 'प्रभू म्हणतो' असं पूर्ण अधिकाराने का बोलायचं? अंश आहे तर अंश म्हणून द्या.

पहिल्या मंडळ्या याबाबत आपल्यापेक्षा कितीतरी व्यवहारी होत्या. दिदाखे ही त्या काळची छोटी नियमपुस्तिका सांगते की आत्म्याने बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नव्हे, प्रभूची चालचलणूक असेल तोच. फिरता प्रेषित तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवत नसेल तर तो खोटा. निघताना भाकरीशिवाय पैसे मागेल तर खोटा. आत्म्याच्या नावाने जेवण मांडायला लावून स्वतःच जेवेल तर खोटा. यात वेद-वेदान्तासारखं गूढ काही नाही, हे घर चालवणाऱ्या बायकांना कळणारे नियम आहेत. पुढे फ्रिगियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, मॅक्सिमिल्ला नावाच्या संदेष्ट्रीने युद्धं आणि उलथापालथी सांगितल्या, तेव्हा तिच्या एका टीकाकाराने फक्त वर्षं मोजली: ती जाऊन तेरा वर्षांहून अधिक काळ झाला, आणि जगात युद्ध नाही. मंडळीचा सुरुवातीचा इतिहासकार युसेबियस याने ते आपल्या इतिहासात जपून ठेवलं. म्हणजे मावशीची वही फार जुनी आहे.

गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा शेजारच्या गावचा एक तरुण पाळक आला होता. मुलाच्या हातावरच्या सुया टोचलेल्या जागेवर त्याने हलकेच बोटं ठेवली आणि बराच वेळ प्रार्थना केली. आमेन झाल्यावर मावशीने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "कधीपर्यंत म्हणून लिहू?" तो गोंधळला. मग म्हणाला, "मावशी, मला प्रभूने काही सांगितलेलं नाही. मी प्रार्थना केली, एवढंच लिहा. आणि शुक्रवारी मी येतो गाडी घेऊन, एसटीने नेऊ नका त्याला." तिने तेवढंच लिहिलं, खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.